पान एकशे बारा

करंजवाडीच्या शाळेची पुस्तकांची पेटी चाकणच्या बाजारातून कांद्याच्या बैलगाडीत बसून आली. कांदा उतरवून रिकामी परतणारी गाडी शालनबाईंनी थांबवली, गाडीवानाला हात देऊन पेटी वर चढवली आणि स्वतः तिच्या शेजारी पाय सोडून बसल्या. दोन वर्षं अर्ज करकरून मिळालेली पेटी. ती दुसऱ्या कुणाच्या भरवशावर सोडायला त्यांचं मन धजेना.

पेटीत एकोणचाळीस पुस्तकं निघाली. गोष्टींची थोडी, माहितीची फार. पिकं, पक्षी, आगगाडी, ग्रह-तारे, शरीराची रचना. हेडमास्तर उद्धवरावांनी दोन पुस्तकं उलटीपालटी केली आणि म्हणाले, "एवढी वाचणार कोण, बाई? पोरांना एक धडा वाचताना घाम फुटतो."

"सगळी वाचायचीच नाहीत, गुरुजी. हवं तेवढं शोधून काढायचं. मला तेच तर शिकवायचंय."

सन पंचावन्न चाललं होतं. शालनबाई सव्वीस वर्षांच्या होत्या. नवरा खडकीच्या कारखान्यात, शनिवारी घरी येई. एरवी बाई चाकणला खोली घेऊन एकट्या राहत आणि रोज कोसभर चालत वाडीला येत. पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये त्यांनी एक गोष्ट मनात धरून ठेवली होती. गोष्टीचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचावं लागतं, माहितीच्या पुस्तकाला मात्र दारं असतात. पुढं अनुक्रमणिका, मागं सूची. ही दारं उघडता आली की खेड्यातलं पोरही कुठल्याही पुस्तकात जाऊन आपल्याला हवं ते घेऊन बाहेर येईल, असं त्यांना वाटे.

चौथीच्या बावीस पोरांना त्या हे शिकवू लागल्या. मथळा वाचून खाली काय असेल ते ताडायचं. ठळक अक्षरातला शब्द सोडायचा नाही. "आणि चित्र बघून थांबायचं नाही हं. चित्राखालची ओळ वाचल्याशिवाय चित्र मुकं असतं." सूचीत एखाद्या शब्दापुढं 'पाहा' असं लिहिलेलं असलं तर कुरकुर न करता त्या दुसऱ्या शब्दाकडं जायचं. मग खेळ. बाई शब्द सांगत, पोरं गटागटानं पुस्तकावर तुटून पडत.

"टोळधाड!"

"पान येकेचाळीस, बाई!"

हा आवाज दर वेळी सारजाचा. सारजा भैरू चव्हाण, वय अकरा, केस चिंधीनं घट्ट बांधलेले. तिचा बाप भैरू हा गावचा रामोशी. वाडीची खळी, कांद्याचे ढीग, देऊळ, एवढंच काय शाळाही तोच राखायचा. गाव त्याला 'नाईक' म्हणून हाक मारी. सारजाला मुळाक्षरांचा क्रम बोटांवर होता. बाकीची पोरं अजून 'त' कुठं, 'थ' कुठं चाचपडत असायची, तोवर ती पान सांगून मोकळी. घरी जाताना बाईंच्या मनात यायचं, ही पोर सातवीच्या फायनल परीक्षेला पहिली येणार.

त्या पेटीत तांबड्या कापडी बांधणीचं एक जाडजूड पुस्तक होतं, जिल्ह्यातल्या लोकांविषयीचं. तीसेक वर्षांपूर्वी छापलेलं. बाईंनी आदल्या दिवशी त्याची अनुक्रमणिका पाहिली, सूची पाहिली, चित्रं चाळली. छान आहे म्हणाल्या. दारं तपासली आणि घरात न शिरताच पोरांना आत सोडायचं ठरवलं.

"आज प्रत्येकानं आपल्या घरचा धंदा सूचीत शोधायचा," त्यांनी शुक्रवारी सांगितलं. "एकेकानं यायचं, शोधायचं आणि मोठ्यांदा वाचायचं."

पोरं हरखली. छापील पुस्तकात आपण! किसन सुताराला पान एकतीस सापडलं. चांदभाई मुलाण्यांची शहाजादी पुढं आली आणि "मुलाणी, पान सत्त्याऐंशी" म्हणून एवढी लाजली, की वाचायचंच विसरली. मग सारजा उठली.

सूचीवरून तिचं बोट सरसर खाली गेलं. "रामोशी," ती म्हणाली. "पाहा, गुन्हेगार जमाती." 'पाहा' म्हटल्यावर काय करायचं ते तिला ठाऊक होतं. ती 'ग'वर गेली. "पान येकशे बारा." पान काढलं, पुस्तक दोन्ही हातांनी उचलून तोंडासमोर धरलं आणि शिकवलं होतं तसं खणखणीत वाचायला लागली.

"या जातीचे लोक गावची राखण करतात. परंतु चोरी व दरोडेखोरी त्यांच्या रक्तातच असल्यामुळे त्यांच्यावर सतत नजर ठेवावी लागते. त्यांची बायकामुलेही..."

तिचा आवाज उतरत गेला, पण ती थांबली नाही. बाईंनी थांब म्हटलं नव्हतं. वाक्य संपलं. मग सवयीनं तिची नजर चित्राकडं गेली. पोलीस ठाण्याच्या भिंतीपुढं अनवाणी उभा असलेला, हातात काठी धरलेला एक म्हातारा. सारजानं खालची ओळही वाचली. "गुन्हेगार जमातीचा एक नमुना."

तिनं पुस्तक खाली केलं.

"बाई, नमुना म्हंजी काय?"

"तुझा बा!" मागून किसन म्हणाला, आणि वर्ग फुटला. पोरं हसली ती हसतच राहिली. दारात उद्धवराव कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे; त्यांच्या मिशीतही हसू होतं.

शालनबाईंच्या कानशिलांत ऊन भरलं. हे खोटं आहे, असं म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं. पण हेडमास्तर दारात, पुस्तक सरकारी, आणि मजकूर त्यांनी स्वतः आत्ता पहिल्यांदा ऐकलेला. आपण न वाचताच पुस्तक पोरांच्या हाती दिलं, हे हेडमास्तरांना कळेल, ही धास्ती सगळ्यांत आधी मनात आली.

"पुस्तक जुनं आहे," त्या म्हणाल्या. "बस खाली. पुढं कोण?"

पुढं माळ्याचा मुलगा आला. माळी, पान चोवीस.

सोमवारपासून पोरांनी सारजाचं नाव बदललं. "ए येकशेबारा!" गोट्या खेळताना, पाणी पिताना, शाळा सुटताना. बाईंच्या कानावर आलं. एकदा त्यांनी "काय रे ते?" असं विचारलं, "कुठं काय बाई, पाढे म्हनतोय," असं उत्तर आलं, आणि त्यांनी ते मानून घेतलं. मानून घेणं सोपं होतं. सारजा काही बोलत नव्हती. मधल्या सुट्टीत ती पेटीपाशी बसून पुस्तकं काढायची, घालायची. बाईंना वाटलं, चला, पोर वाचनात रमली. विसरेल.

बुधवारी वर्गात मातीचा नकाशा करायचा होता. सह्याद्रीची रांग, भीमा, इंद्रायणी. चिखलात हात घालण्याआधी बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. ते त्यांच्या वडिलांनी ट्रेनिंग पास झाल्यावर घेऊन दिलेलं. तासाभरानं हात धुऊन आल्या, तर टेबलावर घड्याळ नाही.

"माझं घड्याळ कुणी पाहिलं का रे?"

असं म्हणताना त्यांनी वर्गाकडं पाहिलं. वर्गात बावीस डोकी होती. पण नजर फिरली नाही. ती थेट तिसऱ्या ओळीतल्या चिंधी बांधलेल्या डोक्यावर जाऊन थांबली. क्षणभरच. बाईंनी लगेच ती तिथून काढूनही घेतली.

सारजानं ते पाहिलं होतं. ती उठली. कुणी काही म्हणालं नव्हतं. आपलं दप्तर घेऊन टेबलापाशी आली आणि ते उलटं करून टेबलावर झटकलं. पाटी, पेन्सिलीचा तुकडा, फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी, चार चिंचोके, घडी घातलेला एक कागद. मग तिनं परकराचा ओचाही झटकून दाखवला.

"सारजा, अगं... मी तुला काही म्हटलं का?"

"न्हाई," सारजा म्हणाली.

एवढ्यात शहाजादीनं हजेरीपट उचलला, आणि त्याच्याखाली घड्याळ टिकटिकत पडलेलं दिसलं. बाईंनीच मघाशी वर हजेरीपट ठेवला असणार. "सापडलं, सापडलं!" म्हणून त्या हसल्या. स्वतःचं ते हसू त्यांनाच फुटक्या मडक्यासारखं वाजलं. सारजानं भाकरी, पाटी, चिंचोके एकेक करून दप्तरात भरले आणि जागेवर जाऊन बसली. बाईंनी घड्याळ मनगटाला बांधलं खरं, पण दिवसभर त्यात किती वाजले ते पाहिलं नाही.

शाळा सुटल्यावर त्यांना टेबलाखाली तो घडीचा कागद दिसला. वहीचं फाडलेलं पान होतं. सारजाच्या गोल अक्षरात पुस्तकांची नावं एकाखाली एक लिहिलेली. पिकांचे पुस्तक, रामोशी न्हाई. पक्षांचे, न्हाई. आगगाडीचे, न्हाई. अशी चौदा पुस्तकं. प्रत्येकाची सूची पोरीनं पाहिली होती. आपल्याविषयी आणखी कुणी काही वेगळं सांगतं का, ते ती शोधत होती. शेवटची ओळ होती:

"शरीराची रचना. रक्त, पान ९. पानी, मीठ, तांबड्या पेशी. चोरी न्हाई."

बाई तिथंच जमिनीवर बसल्या. बावीस पोरांत एकीनं त्यांची विद्या खऱ्या अर्थानं उचलली होती, आणि ती कशासाठी वापरावी लागली तर यासाठी. त्यांना रडायला येईना. नुसतं अंग आकसत गेलं. कुणी पाहत नसतानाही त्यांनी पदर ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सारजा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई गावाबाहेरच्या रामोश्यांच्या चार घरांकडं गेल्या.

भैरूनं लांबूनच पाहिलं आणि लगबगीनं घोंगडी अंथरली. लोटाभर पाणी आणलं. एवढा आदर झाला, की बाईंना बसवेना. सारजा आतल्या अंगाला, पाठ करून, धान्य पाखडत होती. सुपाचा आवाज येत राहिला.

"नाईक, सारजा शाळेत येत नाही."

"व्हय, बाई."

"तिनं सांगितलं का तुम्हाला?"

"पोरीनं कशाला, गावानं सांगितलं." भैरू जमिनीकडं बघत बोलत होता. "आमचा बा रोज सांजेला चावडीवर हजेरी द्यायचा. म्या बी दिली. पावण्याच्या गावी जायचं तर पाटलाची चिठ्ठी. पोलीस रातचं कवा बी येऊन हाक मारायचे, आत हाय का बघाया. ही पोर तवा चार वर्साची. माज्या खांद्यावर बसून चावडीवर यायची. तिला वाटायचं, आपल्या बाला पाटील रोज बलिवतो म्हंजी बा मोठा मानूस हाय. स्वराज्य आलं, मंग दोन सालांनी त्यो कायदा गेला, ती हजेरी गेली. म्या म्हनलं, बरं झालं. हिला ठावं न्हाई, आन आपुन ठावं करून द्यायचं न्हाई."

त्यानं घोंगडीचं टोक सारखं केलं.

"शाळंत घातली, तवा तुमी हजेरी घ्यायच्या आन ही 'हजर' म्हनायची. म्या कुडाआड हुबा राहून ऐकलंय, बाई. हिच्या हजेरीत भ्या नव्हतं."

शालनबाईंना वाटलं, यानं आपल्याला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"येकच सांगा," भैरू म्हणाला. "त्या पुस्तकात हाय त्ये खरं का खोटं? तुमी शिकल्याल्या. तिला तुमीच सांगा."

"खोटं आहे," बाई म्हणाल्या. "धडधडीत खोटं आहे, नाईक."

आतला सुपाचा आवाज थांबला.

"मंग तवा का न्हाई सांगितलं?" सारजा म्हणाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

बाईंनी उत्तराची जुळवाजुळव करायला घेतली आणि मग सोडून दिली. "मी भ्याले, सारजा. ते पुस्तक मी वाचलंच नव्हतं. ते हेडमास्तरांना कळेल म्हणून भ्याले. आणि घड्याळ सापडेना तेव्हा मी तुझ्याकडंच बघितलं. तुला वाटलं ते बरोबर होतं. मी बघितलंच होतं."

सूप पुन्हा वाजू लागलं. भैरूनं मान हलवली. त्यात माफी होती की नुसती समज, ते बाईंना कळलं नाही, आणि विचारायचा हक्क आपल्याला आहे असंही वाटलं नाही.

सोमवारी भैरू स्वतः सारजाला शाळेच्या पायरीपर्यंत सोडून गेला. बाईंनी त्या दिवशी गणित बाजूला ठेवलं आणि पिकांच्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडून सगळ्यांना दाखवलं. "याला शुद्धिपत्र म्हणतात. पुस्तक छापल्यावर चुका सापडतात, तेव्हा पुस्तक त्या कबूल करतं. डावीकडं अशुद्ध, उजवीकडं शुद्ध. छापलेलं असतं म्हणून खरं असतं असं नाही. हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी शिकवायला हवं होतं. शिकवलं नाही." मग त्यांनी तांबडं पुस्तक पुढं घेतलं. "यात शुद्धिपत्र नाही. आपण करू."

फळ्यावर दोन रकाने आखले. डावीकडं पान एकशे बाराच्या त्या ओळी लिहिल्या. "उजवीकडं काय लिहू?"

मग किसन, हसण्याची सुरुवात करणारा तोच किसन, खाली मान घालून म्हणाला, "लिवा बाई, नाईक राखन करत्यात. आमच्या खळ्यातलं कनीस बी कवा गेलं न्हाई." शहाजादी म्हणाली, "चित्रातल्या आजोबांचं नाव काय ते पुस्तकवाल्यानं विचारलंच नाही." बाईंनी दोन्ही लिहिलं. मग खडू खाली ठेवून म्हणाल्या, "आणखी एक चूक आहे. ती पुस्तकाची नाही, माझी आहे," आणि घड्याळाची हकीकत जशी झाली तशी सांगितली.

सांगितल्यावर हलकं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यांचं बोलणं संपताच एकवीस माना वळल्या आणि सारजाकडं पाहू लागल्या. सारजाचे कान लाल झाले. ती पाटीवर काहीतरी गिरवत राहिली. स्वतःचं मन मोकळं करण्याच्या नादात आपण पोरीला पुन्हा सगळ्यांच्या नजरेखाली उभं केलं, हे बाईंच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं.

शुद्धिपत्राचा कागद पोरांनी खळ लावून पुस्तकात डकवला. उद्धवरावांना ते रुचलं नाही. "सरकारी पुस्तक आहे, शालनबाई. उद्या प्रत्येक जण उठून आपापलं डकवील," ते म्हणाले, आणि त्यांनी वर कळवलं. महिन्याभरानं बाईंना लेखी ताकीद आली आणि पुस्तक परत मागवलं गेलं. बाईंनी ताकीद घडी करून पेटीत ठेवली. त्यांना तिचं काही वाटलं नाही. खरं तर ती थोडी कमीच वाटली. 'येकशेबारा' ही हाक निदान उघडपणे बंद झाली. सारजा रोज येत होती, विचारलं तर उत्तर देत होती. पण सूचीचा खेळ सुरू झाला की तिचा हात वर येत नसे. पान सापडलेलं असे, बोट त्यावर असे. पण सांगे दुसरंच कुणी.

दिवाळीनंतर भैरूला पिंपरीला एका नव्या बांधकामावर राखणदाराची नोकरी मिळाली. सगळं घर तिकडं निघालं. सारजा शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला एकटीच आली.

दाखले लिहायचं काम बाईंकडं असे, सही तेवढी हेडमास्तरांची. बाईंनी छापील कागद पुढं ओढला. संपूर्ण नाव. जन्मतारीख. इयत्ता. एकेक रकाना सुवाच्य अक्षरात भरला. 'वर्तणूक' या शब्दाशी त्या थांबल्या, दौतीत टाक बुडवला आणि त्यापुढं लिहिलं, 'अत्युत्तम'. अक्षर जरा मोठंच आलं. उद्धवरावांनी न वाचता सही केली.

सारजानं कागद हातात घेतला. तिनं तो वरपासून वाचायला सुरुवात केली. मथळा, मग एकेक रकाना, डावीकडचं छापील आणि उजवीकडचं हाताचं. उलटून मागची बाजूही पाहिली. बाई वाट पाहत होत्या. पोर वर बघेल, हसेल, निदान 'येते बाई' म्हणेल.

सारजानं 'वर्तणूक'वर बोट ठेवलं.

"बाई, शहाजादीच्या भावाच्या दाखल्यावर काय लिवलं व्हतं?"

"चांगली."

"आन सदूच्या?"

"चांगली," बाई म्हणाल्या. "सगळ्यांच्यावर तेच असतं."

"मंग मला बी त्येच लिवा."

बाईंचा चेहरा पार उतरला. या पोरीला त्यांनी एकदा सगळ्यांहून वाईट धरलं होतं, आणि आता भरपाई म्हणून सगळ्यांहून चांगली धरायला निघाल्या होत्या. बाविसांतली एक म्हणून तिला नुसती राहू देणं तेवढं त्यांना अजून जमलं नव्हतं.

त्यांनी दाखला परत घेतला, फाडला, कपाटातून नवा कागद काढला आणि पहिल्या रकान्यापासून पुन्हा लिहिला. वर्तणूक: चांगली. इतरांच्या दाखल्यावर असतं तेवढंच लहान अक्षर. उद्धवराव "आता काय झालं?" असं विचारत होते. "माझ्या हातून चुकलं," एवढंच बाई म्हणाल्या आणि सही घेतली.

सारजानं तो सगळा पुन्हा वाचला. शाई वाळेपर्यंत थांबली, नीट चार घड्या घातल्या, ओच्यात खोवला आणि पायऱ्या उतरून गेली. रस्त्यावर भैरू डोक्यावर बोचकं घेऊन उभा होता. त्यानं बाईंना लांबूनच रामराम केला. बाईंनी हात जोडले, आणि ती दोघं पुणे-नाशिक रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत त्यांचे जोडलेले हात तसेच राहिले.